नवशिक्यांसाठी एजंटशास्त्र : पुण्यात घर घेण्याच्या नऊ सोप्या पायऱ्या

लातूर, नांदेड, सांगली, अकोला यांपैकी कुठून तरी आपण नोकरीसाठी पुण्यात आलात. दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात काढली. अकरा महिन्यांचा करार संपला की मालक भाडे वाढवतो आणि गावाकडून आईचा फोन येतो, 'भाडं भरण्यापेक्षा हप्ता भर बाबा.' म्हणजे आपली वेळ झाली.

आता अडचण एवढीच, की पुणे आपल्याला ठाऊक नाही. ऑफिस ते घर आणि सुट्टीच्या दिवशी सिंहगड, एवढाच आपला भूगोल. पण काळजी नसावी. सगळे पुणे कोळून प्यालेला एक गृहस्थ आपल्या दिमतीला हजर आहे आणि तोही फुकट. त्याच्या हाती स्वतःला कसे सोपवावे, हे या मार्गदर्शिकेत पायरीपायरीने सांगितले आहे.

लागणारे साहित्य : तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बरा सिबिल स्कोअर, कोरे चेकबुक, एक मोकळा रविवार आणि भिडस्त स्वभाव. शेवटची वस्तू सर्वांत महत्त्वाची. चौकस आत्या, निवृत्त तलाठी असलेले मामा आणि वकिली करणारा वर्गमित्र यांना या कामात आणू नये.

पायरी १ : एजंट शोधू नये, सापडावे

एजंट शोधण्याचे कष्ट नाहीत. घरांच्या कुठल्याही ॲपवर 'वाकड, टू बीएचके' असे टाकून मोबाइल नंबर द्यावा. चहा उकळेपर्यंत फोन येऊ लागतात. ज्याचा पहिला आला तो आपला.

तो विचारेल, "सर, बजेट किती धरलंय?" इथे प्रामाणिकपणा सोडू नये. बँक किती देणार, पीएफमधून किती निघणार, गावाकडचा प्लॉट विकला तर किती येणार, सगळे सांगून टाकावे. आपण ८० लाख म्हणालात की त्या क्षणापासून पुण्यात ८० लाखांच्या आतले राहण्याजोगे एकही घर शिल्लक राहत नाही आणि ९० लाखांची उत्तमोत्तम घरे दिसू लागतात. वरच्या दहा लाखांचे काय, असे विचारलेत तर तो हप्त्यात किती फरक पडतो ते सांगेल. मुदत तेवढी २० वर्षांवरून ३० करावी लागते.

पायरी २ : नंबर विचारू नये

रिअल इस्टेट कायदा, म्हणजे 'रेरा', २०१६ सालचा. महाराष्ट्रात २०१७ पासून 'महारेरा' त्याची अंमलबजावणी करते. नोंदणीकृत प्रकल्पातले घर विकायला मदत करायची तर एजंटालाही या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. प्रकल्पाचा क्रमांक 'पी'ने सुरू होतो, एजंटाचा 'ए'ने. २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. हे आपल्याला माहीत आहे असे चेहऱ्यावर दिसू देऊ नये. 'तुमचा महारेरा नंबर सांगता का?' एवढे विचारलेत तरी बोलण्यातला 'सर' गळून पडतो.

जाहिरातीच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा क्यूआर कोड दिसेल. १ ऑगस्ट २०२३ पासून तो छापणे बंधनकारक आहे. मोबाइल समोर धरला की प्रकल्पाची सगळी कुंडली उघडते : मंजूर नकाशे, ताबा देण्याची मूळ तारीख, वाढवून घेतलेली तारीख, जमिनीवरचे कोर्टकज्जे, बोजा, प्रकल्पाशी जोडलेल्या एजंटांची नावे. नवशिक्याने तो कोड नक्षी समजावा.

पायरी ३ : पैसे कोण देतो, हे विचारू नये

ही पायरी सर्वांत नाजूक आहे. पहिल्याच भेटीत एजंट छातीवर हात ठेवून सांगेल, "सर, मी तुमच्याकडून एक रुपयाही घेणार नाही." डोळे भरून येऊ द्यावेत. मग हा माणूस पेट्रोल कशावर घालतो, हा प्रश्न मनात आला तर तो तिथेच दाबावा.

उत्तर सोपे असले तरी मूड घालवणारे आहे. नव्या इमारतीत एजंटाचे कमिशन बिल्डर देतो. या एजंटाला तिथे 'चॅनल पार्टनर' म्हणतात. फ्लॅट ९० लाखांचा आणि कमिशन तीन टक्के धरले, तर २ लाख ७० हजार होतात. वर कुणाकडे सोन्याचे नाणे, कुणाकडे ठरावीक बुकिंगनंतर परदेशाची सहल. ही रक्कम शेवटी फ्लॅटच्या दरातूनच येते, म्हणजे आपल्याच खिशातून. फक्त वाटेत बिल्डरची तिजोरी लागते आणि पैसे तिथून निघताना मालकाचे नाव बदलते. वरपक्षाने बिदागी दिलेल्या मध्यस्थाने वधूपित्याला वराची खोड सांगावी, अशी अपेक्षा आपण लग्नात करत नाही. ती इथेही करू नये.

खरेदीदाराचा स्वतःचा, वेगळा एजंट ही चाल आपल्याकडे रुळलेली नाही. अमेरिकेत ती आहे. तिथे विकणाऱ्याचा एक आणि घेणाऱ्याचा एक असे दोन एजंट समोरासमोर बसतात. पूर्वी दोघांचेही कमिशन बहुधा विकणाऱ्याच्या पैशातून निघे. त्यावर खटले झाले, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी एजंटाने खरेदीदाराशी लेखी करार करून आपली फी त्यात लिहावी, असा नियम तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेला मान्य करावा लागला. तिकडे अमेरिकेत एडिसनमध्ये राहणारा चुलतभाऊ फोनवर विचारेल, 'तुझ्या बाजूने कोण आहे?' त्याला सांगावे, इथे सगळे आपल्याच बाजूने असतात.

पायरी ४ : रविवारी सकाळी अकरा वाजता जावे

साइट व्हिजिटची वेळ एजंट ठरवतो आणि ती रविवारची असते. गाडीही त्याचीच. रविवारी अकरा वाजता भूमकर चौकातून हिंजवडीच्या शिवाजी चौकापर्यंत गाडी अशी जाते, की वाहतूक कोंडी ही अफवा असावी असे वाटते. तो घड्याळाकडे बोट दाखवेल, "बघा सर, बारा मिनिटं." मान डोलवावी. हाच रस्ता सोमवारी सकाळी नऊला किंवा संध्याकाळी साडेसहाला कसा असतो, हे बघायला दुचाकी काढून जाणे हा एजंटावरचा अविश्वास होय.

साइटवर गेल्यावर काउंटरवरची मुलगी गोड हसून विचारेल, 'कोणाच्या थ्रू आलात?' आणि एक फॉर्म पुढे करेल. त्यावर आपला मोबाइल नंबर आणि एजंटाचे नाव पडले, की त्या साइटपुरते आपण त्याच्या नावावर चढलात. पुढे एकटे गेलात, सौदा स्वतः केलात, तरी ठरावीक मुदतीपर्यंत कमिशन त्याचेच. त्यामुळे 'मी थेट आलो, एजंटाची रक्कम दरातून कमी करा' असे म्हणायची सोय उरत नाही. म्हणून एजंट सांगतो, "एकटे जाऊ नका सर, मी सोबत असलो की बरं पडतं." कुणाला बरे पडते, ते विचारू नये.

मग सँपल फ्लॅट. त्यातले पलंग नीट बघितले तर नेहमीपेक्षा आखूड वाटतील, कपाटे उथळ वाटतील, आणि काही खोल्यांना दारे नसतील. खोली मोठी दिसते ती त्यामुळे. टेप काढून मोजू नये, असभ्य दिसते.

पायरी ५ : अंतर आणि पाणी यांवर श्रद्धा ठेवावी

पुण्याचा नकाशा एजंटाच्या तोंडी फार लवचीक होतो. सूस-म्हाळुंगे 'बाणेर ॲनेक्स' होते, उंड्री 'एनआयबीएम ॲनेक्स', वाघोली खराडीला येऊन चिकटते. ॲनेक्स लागला की दर मूळ गावाचा आणि रस्ता शेताचा.

पाण्याबद्दल तो सांगेल, "चोवीस तास." हे बहुधा खरेच असते. फक्त ते कुठून येते, हे वाक्यात नसते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू केले आणि वाकड, पुनावळे, रावेत त्याच महापालिकेत येतात. सूस, म्हाळुंगे, वाघोली, मांजरी बुद्रुक यांच्यासह २३ गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आली. नाव कागदावर आले म्हणून नळाला पाणी लगेच येत नाही. मधली जागा टँकर भरून काढतो आणि त्याचे बिल मेंटेनन्समध्ये येते. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला 'एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात?' असे विचारणारे लोक असतात. नवशिक्याने त्यांचे अनुकरण करू नये.

नदीकाठच्या फ्लॅटला 'रिव्हर व्ह्यू' म्हणतात आणि त्याचे जास्तीचे पैसे पडतात. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत नदी स्वतःच तळमजल्यापर्यंत आली होती. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखलेल्या असतात. त्या बघू नयेत, नकाशा विद्रूप दिसतो.

राहता राहिली मेट्रो. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गाचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी झाले. जाहिरातींतल्या दरात ती मेट्रो तेव्हापासूनच धावते आहे. तीच गत समोरच्या '२४ मीटर डीपी रोड'ची. तो विकास आराखड्यात असतो. जागा ताब्यात आली का, आणि सध्या तिथे कुणाची ज्वारी उभी आहे, हे बघायला आराखड्यातून बाहेर यावे लागते.

पायरी ६ : चौरस फुटांच्या भानगडीत पडू नये

एजंट म्हणेल, "साडेदहाशेचा फ्लॅट आहे." हे साडेदहाशे कुठले, ते विचारू नये. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट, लॉबी, क्लबहाउस यांतला आपला वाटा येतो. म्हणजे रात्री झोपता येणार नाही अशा जागेचेही पैसे. कायद्याने विक्री कार्पेट क्षेत्रावर व्हायची असते. रेराच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. करारात तोच आकडा असतो, पण करार वाचायला अजून अवकाश आहे.

पार्किंगचे 'चार लाख वेगळे' असे तो कानात सांगेल. स्टिल्टमधली आणि उघडी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालय दिल्लीत आहे आणि पार्किंग पुनावळ्यात, हे लक्षात घेऊन चेक लिहावा.

पायरी ७ : टोकन आजच द्यावे

रविवारी सकाळी दाखवलेल्या फ्लॅटला संध्याकाळपर्यंत 'दुसरी पार्टी' येते. ही दुसरी पार्टी पुण्यात सर्वत्र आढळते. ती नेहमी आपल्याला आवडलेलाच फ्लॅट बघते, बहुतेक वेळा परदेशात असते आणि उद्याच टोकन टाकणार असते. तिला आजवर कुणी पाहिलेले नाही.

म्हणून ५१ हजार आत्ताच द्यावेत. 'रिफंडेबल आहे' हे तोंडी पुरते. कागदावर लिहून मागू नये. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा जवळ असेल तर 'मुहूर्तानंतर रेट वाढतोय' हेही ऐकून घ्यावे. पितृपक्षात मात्र घर बघायला जाऊ नये. त्या पंधरवड्यात साइट ऑफिस ओस पडलेले असते, एजंटाला वेळ असतो, बिल्डर किमतीवर बोलायला तयार असतो, आणि अशा वातावरणात नवशिक्याचे काही भले होऊन बसण्याचा धोका असतो.

टोकननंतर 'वीस टक्के भरा, मग ॲग्रीमेंट करू' असे सांगितले जाईल. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, असे रेराचे कलम १३ म्हणते. आणि 'प्री-लाँच' म्हणून नोंदणी होण्याआधीच बुकिंग घेत असतील, तर नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची जाहिरात वा बुकिंग त्याआधी करायलाच कलम ३ मनाई करते. ही कलमे क्रमांकाने लक्षात ठेवणारी माणसे लग्नकार्यात एकटी बसलेली दिसतात.

पायरी ८ : वकील, कर्ज आणि हिशेब एकाच दुकानातून घ्यावे

"लोनचं आम्हीच बघतो सर, वकीलही आपलाच आहे." किती ही सोय! कर्ज मिळवून दिल्याबद्दल बँकेकडून मध्यस्थाला कमिशन मिळते, आणि 'आपला' वकील आपला नसून त्याचा असतो, म्हणून मागच्या ३० वर्षांच्या मालकीचा सर्च रिपोर्ट एका दुपारी तयार होतो आणि त्यात सगळे 'क्लिअर' असते. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद चोख, असेही तो सांगेल. बँक तिच्या कर्जाची काळजी घेते. सातबारा, फेरफार, बिगरशेती आदेश, बांधकाम परवानगी आणि भोगवटापत्र आपल्यासाठी कुणी वाचले, हा प्रश्न तिच्याकडे नसतो.

हिशेब मात्र एकदा मांडून बघावा, करमणूक होते. बांधकाम चालू असलेला फ्लॅट ९० लाखांचा. जीएसटी ५ टक्के, म्हणजे साडेचार लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. नोंदणी फी ३० हजार. बेरीज १ कोटी १ लाख १० हजार. घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्क एक टक्क्याने कमी, म्हणजे ९० हजार वाचतात. भोगवटापत्र मिळालेल्या इमारतीत जीएसटी लागत नाही. किंमत ५० लाख किंवा वर असली तर विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. ही माहिती एजंटाकडून 'ऑल इन्क्लुझिव्ह' या दोन शब्दांत मिळते. त्यात काय धरले आहे, हे पझेशनच्या दिवशी समजते.

पायरी ९ : रीसेल असेल तर दोघांचा एकच एजंट घ्यावा

जुन्या इमारतीतला फ्लॅट घेताना एजंट उघडपणे आपल्याकडूनही एक-दोन टक्के मागतो आणि विकणाऱ्याकडूनही घेतो. किंमत जितकी जास्त, तितके दोन्हीकडचे टक्के जास्त. तरीही तो आपल्यासाठी भाव पाडून देईल, असा विश्वास बाळगावा.

मालकाचे कर्ज फिटले का, मूळ खरेदीखत बँकेत अडकले आहे का, आधीच्या सगळ्या दस्तांची साखळी पूर्ण आहे का, इंडेक्स टूवर नाव कुणाचे, हे विचारायचे नाही. पुण्यात पुष्कळ इमारती सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालच्या अपार्टमेंट आहेत. तिथे भागदाखला नसतो, डीड ऑफ अपार्टमेंट असते. एजंटाला हा फरक माहीत नसेल तर त्याला लाजवू नये. सोसायटी असेल तर महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार घेता येते. सचिव 'स्वखुशीची देणगी' म्हणून लाखभर मागतील. एजंट म्हणेल, "देऊन टाका, कायम राहायचंय इथे." देऊन टाकावेत.

रेराची नोंदणी नसलेल्या अशा जुन्या इमारतीच्या व्यवहारात तक्रार घेऊन महारेराकडे जाता येत नाही, हा या पायरीचा खास गुण.

वारंवार पडणाऱ्या शंका

*एजंट चांगला असू शकतो का?* हो, आणि पुष्कळ असतात. कुठल्या इमारतीत गळती आहे, कुठला बिल्डर ताबा लांबवतो, कुठली सोसायटी भांडकुदळ आहे, हे मुरलेल्या एजंटाइतके कुणालाच ठाऊक नसते. अडचण माहितीची नाही. ती माहिती आपल्याला सांगण्याचे पैसे त्याला कुणी दिलेले नसतात.

*मग एजंटाशिवाय घर घ्यावे का?* परक्या शहरात ते कठीण आहे. ही मार्गदर्शिका सोपे उपाय सांगते.

*पायऱ्या उलट्या केल्या तर?* तो अभ्यासक्रम नवशिक्यांसाठी नाही. तरी हट्टच असेल तर पुढचा परिच्छेद वाचावा.

नियम मोडणाऱ्यांसाठी

ज्या भागात घर घ्यायचे, तिथे आधी भाड्याने राहावे, निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा. नंतर एजंट नेमावा, पण आपल्या पैशाने. फी टक्क्यात नव्हे, ठोक रकमेत ठरवावी, कारण टक्का किमतीबरोबर वाढतो आणि किंमत पाडणे हेच तर त्याचे काम. समोरच्या बाजूकडून काहीही घेणार नाही, असे त्याच्याकडून लेखी घ्यावे आणि फी दस्त नोंदल्यावर द्यावी. वकील त्याच्या ओळखीचा नसावा, घर तपासणारा इंजिनिअर बिल्डरच्या ओळखीचा नसावा. चावी ताब्यात आली तरी कागद जपून ठेवावेत, कारण बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती ताब्यापासून पाच वर्षे बिल्डरने फुकट करून द्यायची असते.

हे सगळे मिळून लाखभर रुपये खर्च होतील आणि नातेवाईक म्हणतील, फुकटात होणाऱ्या कामाला कशाला पैसे घातले? त्यांना एवढेच सांगावे : एजंट नेहमी पैसे देणाऱ्याचा असतो. तो आपला हवा असेल, तर पैसे आपण द्यावे लागतात.